सारथ्यावाचून गाडी

बाजार आटोपून रात्री गावाकडे निघालेला शेतकरी बैलगाडीत घोंगडी पांघरून आडवा होतो. दिवसभराच्या श्रमाने त्याचा डोळा लागतो आणि कासरा हातातून सुटतो. परंतु गाडी थांबत नाही. बैल ओळखीच्या वाटेने चालत राहतात, खळगा चुकवतात, वाटेत कोणी आडवे आले तर थबकतात आणि पहाटेच्या सुमारास गाडी गोठ्यापुढे आणून उभी करतात. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. सारथ्यावाचून चालणारी गाडी म्हणून आज जगभर ज्या नवलाची चर्चा चालली आहे, ते ऐकून आपल्या पणजोबांनी भुवया उंचावल्या नसत्या. ‘त्यात काय मोठेसे! आमचे ढवळे-पवळे हेच करीत असत,’ असे ते म्हणाले असते.

मुंबई शहरातही एके काळी असेच होते. ९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. रुळांवरून धावणारा डबा आणि तो ओढणारे घोडे, असे तिचे रूप होते. हाकणारा लगाम धरून पुढे बसे; पण रस्ता पाहण्याचे काम त्याच्या एकट्याचे नव्हते. माणूस किंवा जनावर अचानक समोर आले, तर लगाम खेचला जाण्यापूर्वीच घोडा बिचकून थांबे. भिंत दिसत असताना घोडा तिच्यावर जाऊन आदळत नाही. पुढे ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेवर चालणारी ट्राम आली. विजेच्या अंगी बळ पुष्कळ, पण जाण मुळीच नाही. समोर मोकळा रस्ता आहे की रांगत आलेले मूल आहे, हे तिला ठाऊक नसते. घोडा गेला, तेव्हा त्याच्या बळाची जागा यंत्राने घेतली. परंतु त्याच्या डोळ्यांची आणि शहाणपणाची जागा रिकामीच राहिली. तो सगळा भार एकट्या चालकावर पडला. ३१ मार्च १९६४ रोजी मुंबईतील ट्रामही बंद झाली, बसगाड्या आणि मोटारी राहिल्या, आणि तो भार तसाच राहिला.

आजचे इंजिनिअर जे करू पाहत आहेत, ते एका अर्थी घोड्याचे शहाणपण गाडीला परत देण्याचेच काम होय. ऐकावयास हे सोपे वाटते. ते किती अवघड आहे हे समजावयाचे असेल, तर आधी एखादा कसलेला चालक काय काय करतो ते पाहिले पाहिजे.

लालबागहून दादरकडे निघालेल्या बसगाडीच्या चालकाचे उदाहरण घ्या. त्याचे हात चक्रावर आणि पाय ब्रेकवर असतात, तेवढेच आपल्याला दिसते. परंतु त्याच्या मनात क्षणोक्षणी चार प्रश्नांची उत्तरे तयार होत असतात. मी आता नेमका कोठे आहे? माझ्याभोवती काय काय आहे? ते पुढच्या क्षणी काय करील? आणि म्हणून मी काय करावे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे डोळे देतात. चौथ्याचे उत्तर हातपाय देतात. तिसरा प्रश्न मात्र निराळाच आहे. पदपथाच्या कडेला उभी असलेली मुलगी रस्ता ओलांडणार आहे, की मैत्रिणीची वाट पाहत आहे? तिचा एक पाय खाली आहे, मान बसकडे वळलेली नाही, आणि रस्त्यापलीकडून कोणी तरी तिला हाक मारीत आहे. एवढ्यावरून चालक ओळखतो की ही आता धावणार. तो वेग कमी करतो. हे ज्ञान त्याला कोणत्याही पुस्तकाने दिलेले नसते. माणसांत वाढल्यामुळे ते त्याला आलेले असते.

हे चार प्रश्न यंत्राला सोडवता यावेत म्हणून मुंबईत जो सर्वांत मोठा प्रयत्न झाला आहे, तो रस्त्यावर नव्हे, रस्त्याच्या खाली झाला आहे. कफ परेडपासून आरेपर्यंत जाणारा मेट्रोचा तिसरा मार्ग सुमारे ३३.५ किलोमीटर लांबीचा असून त्यावर २७ स्थानके आहेत. त्यांपैकी आरे हे एकच स्थानक जमिनीवर आहे. बाकीची सर्व भूगर्भात आहेत. काळबादेवी, गिरगाव, ग्रँट रोड, वरळी, सिद्धिविनायक, दादर अशी वस्तीने गजबजलेली ठिकाणे या मार्गाने पोटातून जोडली आहेत. त्यातील एका स्थानकाला जगन्नाथ शंकरशेट यांचे नाव दिले आहे, हे मोठे उचित झाले. कारण मुंबईत आगगाडी यावी म्हणून एकोणिसाव्या शतकात ज्यांनी खटपट केली, त्यांत गिरगावचे हे नाना अग्रभागी होते. या मार्गाचा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये उघडला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंतचा शेवटचा टप्पा लोकांसाठी खुला झाला.

या मार्गावरील आठ डब्यांच्या गाड्या आंध्र प्रदेशातील श्रीसिटी येथे बांधल्या गेल्या. चालकावाचून धावता येईल अशाच त्या बनवल्या आहेत. सुरुवातीच्या काळात मात्र प्रत्येक गाडीत शिकविलेला चालक ठेवण्यात आला, आणि ते शहाणपणाचेच झाले. दिल्लीतही मॅजेंटा मार्गावर गाड्या प्रथम चालकांसह धावत होत्या. २८ डिसेंबर २०२० पासून तेथे चालकाविना गाडी धावू लागली. भारतातील ती पहिली. जगात पाहिले, तर जपानमधील कोबे शहरात १९८१ मध्येच अशी गाडी सुरू झाली होती.

आता आपले चार प्रश्न घेऊन बोगद्यात उतरू.

‘मी कोठे आहे?’ हा पहिला प्रश्न. मोटारीतल्या किंवा हातातल्या फोनला आपले ठिकाण कळते, ते आकाशातील उपग्रहांकडून येणाऱ्या लहरींमुळे. पण गिरगावच्या चाळींखाली वीस-पंचवीस मीटर खोल, दगड आणि काँक्रीट यांच्या आत, त्या लहरी पोहोचतच नाहीत. मग गाडीला आपला ठावठिकाणा कसा कळावा? तुम्ही रात्री दिवा गेल्यावर काळोखात घरात कसे चालता ते आठवा. पलंगापासून दार सात पावले, हे तुम्हाला माहीत असते. तुम्ही पावले मोजता. पावले थोडी लहानमोठी पडली, तर अंदाज चुकतो; पण हाताला दाराची चौकट लागली की चूक दुरुस्त होते आणि तेथून पुन्हा नवी मोजणी सुरू होते. मेट्रोची गाडी नेमके असेच करते. तिची पावले म्हणजे चाकाचे फेरे. समजा, चाकाचा घेर अडीच मीटर आहे. तर शंभर फेऱ्यांत गाडी अडीचशे मीटर पुढे गेली, हे गणित तुम्हीही कराल. परंतु ब्रेक लागताना चाक किंचित घसरते, वापराने ते झिजते आणि त्याचा घेर कमी होतो. म्हणून मोजणीत फरक पडतो. त्यासाठी अशा मार्गांवर रुळांमध्ये ठिकठिकाणी लहान चकत्या बसवलेल्या असतात. त्या चकतीत स्वतःची वीज नसते. गाडी वरून जाताना ज्या लहरी सोडते, त्यांच्याच बळावर चकती जागी होते, आपला क्रमांक सांगते आणि पुन्हा निजते. तो क्रमांक म्हणजे गाडीला हाताशी लागलेली चौकट होय.

‘माझ्याभोवती काय आहे?’ हा दुसरा प्रश्न. येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला वीस मीटर जाते. आगगाडीचे पोलादी चाक पोलादी रुळावर असते. ते रबरी चाकासारखे रस्त्याला धरून राहत नाही, शिवाय उभे असलेले प्रवासी पडू नयेत म्हणून ब्रेकही हळुवार लावावा लागतो. दर सेकंदाला वेग एक मीटरने कमी होत गेला, असे धरले, तर गाडी थांबावयास वीस सेकंद लागतात आणि तेवढ्या अवधीत ती दोनशे मीटर पुढे जाते. वळणदार बोगद्यात दोनशे मीटर पुढचे दिसणार कोणाला? म्हणून येथे डोळ्यांवर भिस्त ठेवून चालत नाही. बातमीवर ठेवावी लागते. प्रत्येक गाडी आपले ठिकाण रेडिओच्या लहरींनी सतत कळवीत असते. मार्गालगतचे संगणक सर्व गाड्यांचा हिशेब ठेवतात आणि मागच्या गाडीला सांगतात, ‘तुला अमुक ठिकाणापर्यंत येण्याची मुभा आहे, त्यापुढे नाही.’ पुढची गाडी सरकली की ती मर्यादाही सरकते. पूर्वी रुळांचे ठरावीक तुकडे पाडून एका तुकड्यात एकच गाडी ठेवीत असत. तुकडा मोठा असला तर मागची गाडी उगाच खोळंबून राही. नव्या पद्धतीत तुकडा जणू गाडीबरोबर चालतो. म्हणून गाड्या जवळजवळ सोडता येतात.

ही बातमी आलीच नाही तर? रेडिओ बिघडला, तार तुटली, तर? या प्रश्नाला रेल्वेने फार जुने आणि मला वाटते फार सुंदर उत्तर दिले आहे. पूर्वी रुळांच्या कडेला उंच खांबावर हात असलेले सिग्नल असत. दूरच्या केबिनमधून तार ओढून तो हात हालवीत. त्याची रचना अशी असे की, तार तुटली, तर हात आपल्याच वजनाने ‘थांबा’ या स्थितीला यावा. मुंबईच्या लोकल गाडीतही पाहा. मोटरमनला एक मूठ सतत दाबून धरावी लागते. त्याला घेरी आली आणि हात सैल पडला, की गाडीला आपोआप ब्रेक लागतो. म्हणजे गप्प राहणे याचा अर्थ ‘सर्व ठीक आहे’ असा घ्यावयाचा नाही. गप्प राहणे म्हणजे धोका. मेट्रोच्या संगणकांनाही हाच धडा दिला आहे. संदेश ठरलेल्या वेळात आला नाही, तर गाडी स्वतःहून थांबते. शिवाय अशा कामी एका संगणकावर विसंबत नाहीत. पुष्कळ ठिकाणी तीन संगणक तेच गणित निरनिराळे करतात. दोघांचे उत्तर जुळले तर ते मानतात आणि तिसऱ्याला बाजूला काढून तपासतात. पुढे जावयाचे असेल तर परवानगी लागते, थांबावयास मात्र कोणाची परवानगी लागत नाही; या एका नियमावर हजारो लोकांचे प्राण सुरक्षित राहतात.

तिसरा प्रश्न उरला: समोरचा पुढच्या क्षणी काय करील? गंमत अशी की, मेट्रोने या प्रश्नाचे उत्तर शोधलेलेच नाही. तिने तो प्रश्नच प्रश्नपत्रिकेतून काढून टाकला आहे! बोगदा बंद आहे. त्यात फेरीवाला नाही, गाय नाही, रस्ता ओलांडणारी मुलगी नाही. जाण्याचा बोगदा वेगळा आणि येण्याचा वेगळा, त्यामुळे समोरून कोणी येण्याचा संभव नाही. फलाट आणि रूळ यांच्यामध्ये काचेची भिंत आहे, आणि गाडी नेमकी जागेवर उभी राहिल्यावाचून तिचे दरवाजे उघडत नाहीत. जेथे माणसांचा लहरीपणा पोहोचत नाही, तेथे यंत्र माणसाहून चांगले काम करते, यात संशय नाही. ते कंटाळत नाही, त्याला डुलकी येत नाही.

गिरगाव स्थानकातून सरत्या जिन्याने वर या. जगन्नाथ शंकरशेट मार्गावर पाऊल टाकताच खाली वगळलेला तो तिसरा प्रश्न शंभर तोंडांनी समोर उभा राहतो.

रस्त्यावर चालकाविना मोटार चालवावयाची, तर तिला आधी डोळे हवेत. असे डोळे तीन प्रकारचे असतात. पहिला कॅमेरा. तो रंग ओळखतो, सिग्नलचा दिवा लाल की हिरवा ते सांगतो, पाटी वाचतो. परंतु अंधारात आणि डोळ्यांवर ऊन आल्यावर आपल्यासारखाच तोही गोंधळतो. दुसरा रडार. तो रेडिओच्या लहरी सोडतो आणि समोरच्या वस्तूवरून परत आलेल्या लहरींवरून तिचे अंतर आणि वेग ओळखतो. वस्तू गाडीच्या दिशेने येत असेल, तर परतणाऱ्या लहरींची कंपने वाढतात. स्थानकाकडे धावत येणाऱ्या गाडीची शिट्टी चढ्या सुरात आणि दूर जाणाऱ्या गाडीची उतरत्या सुरात ऐकू येते, ते याच कारणाने. पाऊस किंवा धुके रडारला फारसे अडवीत नाही, पण समोरचा आकार माणसाचा की खांबाचा, हे त्याला नीट सांगता येत नाही. तिसरा डोळा लायडार. वटवाघूळ जसे आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून अंधारात वाट काढते, तसा लायडार प्रकाशाचे अतिसूक्ष्म झोत चहूकडे सोडतो आणि ते परत यावयास किती वेळ लागला हे मोजतो. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतो. पंधरा मीटर दूर असलेल्या हातगाडीवर आपटून परत यावयास त्याला सेकंदाचा केवळ एक कोटीवा भाग लागतो! एवढा अल्प काळ मोजणारे घड्याळ त्या यंत्रात असते. असे लाखो झोत मिळून भोवतालच्या जगाचे ठिपक्याठिपक्यांचे चित्र तयार करतात. जुलै महिन्यात परळला धो धो पाऊस कोसळू लागला, की प्रत्येक थेंबावरून प्रकाश उलटू लागतो आणि त्या चित्रात खऱ्या वस्तूंबरोबर पावसाचेही ठिपके उठतात. म्हणून शहाणे इंजिनिअर एका डोळ्यावर विसंबत नाहीत. तिन्हींची साक्ष ताडून पाहतात.

डोळे मिळाले म्हणजे सगळे मिळाले असे मात्र नाही. अमेरिकेत मार्च २००४ मध्ये मोहावी वाळवंटात चालकाविना मोटारींची शर्यत भरवली होती. वाट सुमारे २४० किलोमीटरांची होती. एकही मोटार शेवटपर्यंत पोहोचली नाही. सर्वांत पुढे गेलेली मोटार बारा किलोमीटरांच्या आतच अडकून पडली. लोक हसले असतील. परंतु ऑक्टोबर २००५ मध्ये पुन्हा शर्यत झाली, तेव्हा २१२ किलोमीटरांची वाट पाच मोटारींनी पुरी केली. दीड वर्षात एवढी मजल! स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ‘स्टॅन्ली’ नावाच्या मोटारीने ती शर्यत सात तासांच्या आत जिंकली. त्यानंतर मोठमोठ्या कंपन्या या कामात उतरल्या, आणि आज अमेरिकेतील फिनिक्स, सॅन फ्रान्सिस्को अशा काही शहरांत चालकाच्या जागी कोणीही नसलेल्या टॅक्सीत बसून लोक प्रवास करतात.

या यशाच्या कथेत एक दुःखद पान आहे, आणि ते वगळून पुढे जाणे बरोबर होणार नाही. १८ मार्च २०१८ च्या रात्री अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात टेंपे गावी उबर कंपनीची एक प्रायोगिक मोटार ताशी सुमारे सत्तर किलोमीटर वेगाने चालली होती. एक बाई हाताने सायकल ढकलीत रस्ता ओलांडत होती. मोटारीने तिला धडक दिली व ती बाई मरण पावली. मोटारीला ती दिसली नव्हती काय? दिसली होती. धडकेच्या ५.६ सेकंद आधी, म्हणजे शंभर मीटरांहून अधिक अंतरावर असताना, यंत्राला समोर काही तरी असल्याचे कळले होते. पण ते काय आहे, हे त्याला ठरवता येईना. कधी ते म्हणे मोटार, कधी सायकल, कधी ‘अन्य काही’. आणि दर वेळी मत बदलले की ती वस्तू आधी कोठून कोठे सरकली, हा हिशेब ते विसरून जाई. रस्ता ओलांडण्याच्या ठरावीक जागा सोडून माणूस मध्येच रस्ता ओलांडील, ही शक्यता त्याच्या रचनेत धरलेलीच नव्हती. मोटारीत देखरेखीसाठी एक व्यक्ती बसवली होती; तिचे लक्ष फोनकडे होते. सरकारी चौकशीत हे सारे पुढे आले.

‘माणूस मध्येच रस्ता ओलांडील, हे धरलेलेच नव्हते,’ हे वाक्य वाचून दादरच्या माणसाला हसावे की रडावे ते कळणार नाही. आमच्याकडे मध्येच रस्ता ओलांडणे हा अपवाद नव्हे. दादरच्या फुलबाजाराजवळ पहाटे जाऊन उभे राहा. डोक्यावर झेंडूची भलीमोठी पाटी घेतलेला हमाल येतो. लांबून पाहिले, तर माणूस दिसतच नाही, दोन पायांवर चालणारी पिवळी टोपली दिसते. हातगाडीवरचे बांबू मागे-पुढे चार-चार हात बाहेर आलेले असतात. समोरून टॅक्सी येते. कोणी कोणाशी बोलत नाही. पण हमाल मान किंचित हालवतो, टॅक्सीवाला हाताने खूण करतो, हातगाडीवाला क्षणभर थबकतो, आणि तिघेही एकमेकांना न धडकता पार होतात. हा बोलण्याचाच एक प्रकार आहे. तो यंत्राला अजून पुरता येत नाही.

नकाशाचीही तीच गोष्ट. चालकाविना चालणाऱ्या मोटारी बहुधा रस्त्याचा फार बारीक नकाशा बरोबर बाळगतात. पदपथाची कड, सिग्नलचा खांब, सारे त्यात असते. भाद्रपद महिना आला की लालबाग-परळचा नकाशा काय होतो, हे मी सांगावयास नको. रस्त्यात मांडव उभे राहतात, कमानी लागतात, दोन पदरांचा रस्ता एक पदराचा होतो. अनंत चतुर्दशीला लालबागहून गिरगाव चौपाटीकडे निघालेल्या मिरवणुकीला वीस तासांहून अधिक वेळ लागतो, आणि तेवढा वेळ तो रस्ता रस्ता राहत नाही, माणसांची नदी होते. नकाशा खरा मानावा की डोळे, हा पेच यंत्रापुढे पडतो. माणूस डोळ्यांवर विश्वास ठेवतो आणि बस दुसऱ्या वाटेने नेतो.

यंत्राला हे शिकवता येईल काय? शिकवण्याची रीत आहे. ‘गाय म्हणजे चार पाय, दोन शिंगे’ अशी व्याख्या त्याला पाठ करून देत नाहीत. रस्त्याची हजारो चित्रे दाखवतात. प्रत्येक चित्रात हा माणूस, ही रिक्षा, ही गाय, अशी माणसाने कड रेखलेली असते. यंत्र अंदाज करते, चुकते, चुकीचे माप घेऊन आपले आतले आकडे किंचित बदलते, पुन्हा अंदाज करते. लहान मूलही मांजर असेच ओळखावयास शिकते. मात्र त्याला चार-दोन मांजरी पुरतात, यंत्राला हजारो लागतात. परदेशी रस्त्यांच्या चित्रांवर शिकलेल्या यंत्राला आपली रिक्षा ठाऊक नसते. म्हणून हैदराबाद येथील आय. आय. आय. टी. या संस्थेने हैदराबाद आणि बंगळूर येथील रस्त्यांची सुमारे दहा हजार चित्रे अशी रेखून २०१८ मध्ये अभ्यासकांसाठी प्रसिद्ध केली. भोपाळमध्ये संजीव शर्मा या अभ्यासकाने स्थापन केलेली ‘स्वायत्त रोबॉट्‌स’ ही कंपनी बोलेरो मोटारीवर प्रयोग करीत आली आहे. आमच्याच अव्यवस्थित रस्त्यांवर जे यंत्र चालेल ते कोठेही चालेल, असा या मार्गाने जाणाऱ्यांचा विचार आहे. तो मला पटतो. मेट्रोने रस्ता यंत्राजोगा केला. ही माणसे यंत्राला रस्त्याजोगे करू पाहत आहेत. दुसरे काम पहिल्याहून कितीतरी कठीण आहे.

एक प्रश्न यंत्रशास्त्राच्या बाहेरचा आहे. हे सारे साधले, तर चक्र धरणाऱ्या हातांचे काय होणार? मुंबईत टॅक्सी, बस, टेंपो चालवून घर चालवणारी कुटुंबे थोडी नाहीत. लालबाग-परळने असा प्रसंग पाहिलेला आहे. १९८२ च्या गिरणी संपानंतर भोंगे बंद पडले, तेव्हा एका पिढीचे कसब एकाएकी निरुपयोगी ठरले होते. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपूर येथे, चालकाविना मोटारी भारतात येऊ देणार नाही, कारण त्यांमुळे असंख्य चालकांचा रोजगार जाईल, असे स्पष्ट सांगितले. याउलट, रस्त्यावरील बहुतेक अपघात माणसाच्या चुकीने होतात, यंत्र दारू पीत नाही की झोपी जात नाही, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे आहे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. आज घरी परत न येणाऱ्या माणसाचे दुःख आणि उद्या काम नसलेल्या माणसाचे दुःख यांची तुलना तराजूने करता येत नाही.

चालकाविना धावणाऱ्या मेट्रोतही माणसे नसतात असे नाही. ती फक्त गाडीत नसतात. नियंत्रण कक्षात भल्यामोठ्या पडद्यांपुढे ती रात्रंदिवस बसलेली असतात. गाड्यांची ठिकाणे, बोगद्यातील हवा, विजेचा दाब, फलाटावरची गर्दी, सारे त्यांच्या नजरेसमोर असते. दारात पिशवी अडकली, दिवे गेले, कोणी प्रवासी घेरी येऊन पडला, तर यंत्र गाडी थांबवते किंवा पुढच्या स्थानकात नेते; पण घाबरलेल्या प्रवाशांना काय सांगावे, हे त्याला कळत नाही. त्यासाठी प्रत्येक डब्यात दरवाजाजवळ एक बटण असते. ते दाबले की, जमिनीखालच्या त्या बंद डब्यात पलीकडून माणसाचा आवाज येतो.